चुळबुळ

आमच्या खोलीत तीन मिनिटं कुणीही बोलायचं नाही. आईने तर मुळीच नाही.

बाळाच्या अंगावर एक पातळ झबलं तेवढं ठेवायचं. पायातले वाळे, मनगट्या, कमरेचा करदोटा, सगळं काढून ताटलीत ठेवायचं. बाळाला करड्या गादीवर उताणं निजवायचं आणि आईने काचेपलीकडे जाऊन उभं राहायचं. छतात चार कॅमेरे आहेत. बाळ जागं हवं, पोट भरलेलं हवं, रडत नसावं, आणि मुख्य म्हणजे त्याच्याशी कुणी लाडात येता कामा नये. एका आजोबांनी एकदा काचेपलीकडून टिचक्या वाजवल्या, तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

यंत्राचं नाव 'नजर'. ज्या शहाण्याने हे नाव ठेवलं, त्याला कुठल्या बाळंतिणीच्या खोलीत कुणी पाऊल टाकू दिलं नसावं. बाया नाव ऐकतात आणि बाळाच्या गालावरची तीट आणखी ठळक करून आणतात. कॅमेऱ्याला ती जखम वाटते, आणि ती पुसण्यासाठी आईची समजूत काढायचं काम माझं. मी वैजयंती शेटे, फिजिओथेरपिस्ट, वय छप्पन्न, हुद्दा 'निरीक्षक'. निरीक्षण यंत्र करतं. मी वाळे काढते आणि सही करते.

तान्हं बाळ एकटं पडलेलं असतानाही हलतं. कुणासाठी नाही, आपल्या मनाने. कुणी बोललं, खुळखुळा वाजवला, की ते हलणं त्या माणसाला दिलेलं उत्तर होतं, म्हणून आम्ही सगळ्यांना बाहेर काढतो. ही हालचाल मेंदूच्या तळाकडून आपोआप सुरू होते आणि वरच्या मेंदूकडून येणाऱ्या तारा तिच्यात सतत फेरफार करत राहतात. तारा शाबूत असतील तर एक हालचाल दुसरीसारखी नसते. तारांना इजा झाली असेल, आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांत तो धोका जास्त, तर हालचाल एकसुरी होते. पहिले काही आठवडे बाळ नुसते आळोखेपिळोखे देतं, सावकाश, सगळ्या अंगाने. साधारण नवव्या आठवड्यापासून त्यांची जागा चुळबुळ घेते. मान, मनगटं, घोटे, बोटं, सगळीकडे बारीक बारीक, न थांबता. विसाव्या आठवड्याच्या आसपास ती ओसरते. त्या मधल्या काळात चुळबुळ दिसली की मूल बहुधा चालणार. दिसलीच नाही, तर बहुधा हातापायांना कायमचा ताठरपणा येणार.

हे आठवडे जन्मापासून मोजत नाहीत. बाळ ज्या तारखेला यायला हवं होतं, त्या तारखेपासून मोजतात. दोन महिने आधी आलेलं बाळ पाच महिन्यांचं झालं तरी आमच्या लेखी तीनच महिन्यांचं.

यंत्र यायच्या आधी हे काम माणसं डोळ्यांनी करत. पुण्यात एका बंद खोलीत आम्ही बारा जण सहा वर्षं अशा बाळांचे व्हिडिओ बघत होतो, चाळीस हजार व्हिडिओ, आवाज बंद करून. बाळाचा आवाज ऐकला की बघणारा भुलतो. आम्ही 'आहे' किंवा 'नाही' म्हणायचो आणि त्यावर यंत्र शिकायचं. त्या सहा वर्षांत माझं जमत आलेलं लग्न मोडलं, आई गेली, आणि घरी टीव्हीसुद्धा आवाज बंद करून बघायची सवय लागली. ती अजून आहे. संध्याकाळी क्वार्टरमध्ये मी एकटी जेवते आणि बातम्या देणारी बाई तोंड हलवत राहते.

यंत्राचं मी वाईट बोलणार नाही. 'नाही' असा निकाल आला की मुलाला लगेच शहरातल्या निवासी केंद्रात जागा मिळते. अडीचशे किलोमीटरवर आहे ते. तिथे बाळाला एक पातळ अंगरखा घालतात आणि त्यातून बारीक विजेचे ठोके देऊन स्नायूंना वळण लावतात. अठरा महिने. ज्यांना आम्ही पूर्वी चाकांच्या खुर्चीत बसवून घरी पाठवायचो, ती मुलं आता भिंत धरून का होईना चालतात. मी पाहिली आहेत. फक्त पहिले दोन महिने आईला भेट नाही, मूल रुळावं म्हणून. आणि जागा सात दिवसांत घ्यावी लागते.

मुक्ता भिसेचा मुलगा असाच गेला. निकाल आला तेव्हा यंत्राच्या हिशेबाने तो दहा आठवड्यांचा होता. माझ्या मनात एकदा येऊन गेलं की हे मूल लहान वाटतंय. पण पडद्यावर 'चुळबुळ आढळली नाही' असं स्पष्ट आलं होतं. मी सही केली. मुक्ताने बाळाबरोबर आपल्या जुन्या लुगड्याची गोधडी पाठवली, अंगाचा वास राहील म्हणून. केंद्राने ती निर्जंतुक नाही असं लिहून आमच्याकडे परत पाठवली. धुऊन तिला पोचवावी म्हणून मी ती कपाटात ठेवली आणि ते राहून गेलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी अक्षरा वाकळे आली. वीस-एकवीस वर्षांची, बारीक, आणि बोलण्याआधी सासूकडे बघणारी. सासूबाई प्रयागबाई मात्र दवाखाना आपलाच असल्यासारख्या वावरत होत्या. बाळाचं बारसंसुद्धा झालेलं नव्हतं.

"हितून नीट आसा कागूद मिळाला की मग नाव ठिवू," प्रयागबाई म्हणाल्या. "लई हाल काढले बाई लेकरानं. चाळीस दिस काचंच्या पेटीत हुतं."

मी वाळे काढले, दोघींना काचेपलीकडे पाठवलं आणि बटण दाबलं. यंत्राच्या नोंदीत वय बारा आठवडे. बाळ शांत होतं, डोळे उघडे. ते हललं. सावकाश, सगळ्या अंगाने, हात वर नेऊन कुशीकडे वळल्यासारखं. छान हललं. पण चुळबुळ नव्हती.

तीन मिनिटं संपली. निकाल आधी घरच्यांच्या फोनवर जातो, मग माझ्या पडद्यावर. ही सुधारणा गेल्या वर्षीची, पारदर्शकतेसाठी. अक्षराचा नवरा ओंकार चाकणला एका गोदामात कामाला असतो. ती बाळाला झबलं घालत होती तेव्हाच त्याचा फोन आला. तिने ऐकलं आणि फोन सासूकडे दिला.

"त्यानं हो म्हणून टाकलंय," प्रयागबाई थोड्या वेळाने म्हणाल्या. आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. "जागा जाईल म्हणतोय. बाई, तितं लेकराला नीट संबाळत्यात ना?"

"संभाळतात, मावशी."

"मी जाऊ का संगं?" अक्षराने विचारलं. ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"आईला राहता येत नाही तिथे."

तिने मान हलवली आणि बाळाच्या पायात वाळे घालू लागली. एकाची कडी तिला लावता येईना. मी पुढे होऊन लावून दिली. एवढंच मला करता आलं.

त्या संध्याकाळी मी टीव्ही लावला नाही. बाळाचा व्हिडिओ लावला, पाच वेळा, सहा वेळा. चाळीस हजार बघितल्यावर डोळ्यांना काही गोष्टी मनाच्या आधी कळतात. इजा झालेलं मूल एकसुरी हलतं, तेच ते, तेच ते. हे तसं हलत नव्हतं. हे आळोखेपिळोखे देत होतं, आणि काय सुरेख देत होतं! बारा आठवड्यांच्या बाळाने ते द्यायला नकोत. आठ आठवड्यांच्या बाळाने द्यावेत.

हे मूल लहान आहे, मी मोठ्याने म्हणाले. घरात आणखी कुणी नव्हतं.

मग नोंदी काढल्या. अक्षराची सोनोग्राफी पहिल्यांदा झाली ती सातव्या महिन्यात. बाळ तारखेच्या मानाने लहान निघालं, तेव्हा डॉक्टरांनी 'वाढ कमी' असं लिहिलं आणि तारीख तशीच ठेवली. जन्मताना वजन दीड किलोच्या आत, तेव्हाही 'वाढ कमी'. सगळ्यांनी मिळून त्या तारखेवर विश्वास ठेवला होता. ती आली कुठून, तर गावच्या आशाताईने मोबाइलमध्ये भरलेली शेवटच्या पाळीची तारीख. दोन जून.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्या गावी गेले. प्रयागबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. अक्षराने मला पाणी दिलं आणि उभी राहिली. मला वाटतं, तिला वाटलं मी बाळ न्यायलाच आले.

"अक्षरा, शेवटची पाळी कधी आली होती ते तू आशाताईंना काय सांगितलंस? जसं सांगितलंस तसंच सांग."

ती सासूकडे बघून लाजली. "तारीख न्हवती ध्यानात. संकष्टी हुती. उपास धरला हुता अन् अडचण आली. मी म्हणलं, जेष्ठातली संकष्टी."

"नक्की ज्येष्ठातली?"

"व्हय. वडाला पुजून आलो अन् चवथ्या दिशी. नव्या लुगड्याची घडी मोडली हुती त्या दिशी, म्हणून ध्यानात हाय."

मी फोनवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर उघडलं. ज्येष्ठातली संकष्टी, जूनच्या सुरुवातीला. बरोबर होतं. वटपौर्णिमा शोधली. ती जूनच्या शेवटी होती. मी परत पाहिलं. चार दिवसांनी येणारी संकष्टी पंचवीस दिवस आधी कशी येईल? माझं डोकं चालेना.

"मावशी, वटपौर्णिमा ज्येष्ठातच असते ना?"

प्रयागबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली आणि शिकलेल्या बाईकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "आवं बाई, मागच्या सालाला धोंड्याचा म्हैना न्हवता का? दोन जेष्ठ आलते. आदी धोंड्याचा, मागनं खरा. धोंड्याच्या म्हैन्यात कुनी वड पुजतं का?"

अधिक महिना. अधिक ज्येष्ठ आणि त्यामागून निज ज्येष्ठ. आशाताईने मोबाइलमध्ये महिना आणि तिथी भरली, आणि मोबाइलने पहिला ज्येष्ठ उचलला. अक्षराची तारीख दोन जून नव्हतीच. एक जुलै होती. पुरा एक महिना! बाळ बारा आठवड्यांचं नव्हतं, आठ आठवड्यांचं होतं, आणि आठव्या आठवड्यात चुळबुळ नसणं यात काहीसुद्धा वावगं नाही. वजनही कमी नव्हतं, ते एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचं वजन होतं. यंत्राने जे पाहिलं ते अगदी खरं पाहिलं होतं. वय मात्र आम्ही सांगितलं होतं.

"म्हंजे लेकरू चांगलं हाय?" अक्षराने विचारलं.

इथे हो म्हणायचा मोह फार झाला. "अजून सांगता येत नाही. चार आठवडे थांबावं लागेल. तोपर्यंत जागा जाईल. आणि तेव्हाही चुळबुळ दिसली नाही, तर पुढची जागा पाच महिन्यांनी मिळेल, तोवर उशीर झालेला असेल. मी सांगतेय म्हणून थांबू नका. विचार करून सांगा."

प्रयागबाईंनी सुनेकडे बघितलं. अक्षराने या वेळी सासूकडे पाहिलं नाही. "थांबते," ती म्हणाली.

पडद्यावर 'असहमत' असं एक बटण आहे. पाच वर्षांत मी ते कधी दाबलं नव्हतं. दाबलं, तर दहा मिनिटांत डॉ. दिवट्यांचा फोन. ते आमचे प्रमुख, माणूस सरळ आहे.

"शेटेबाई, यंत्र शंभरात तीनदा चुकतं. तुम्ही आठदा."

"तारीख चुकली आहे, सर."

"एका बाईच्या आठवणीवर?"

"पहिली तारीखसुद्धा तिच्याच आठवणीवर होती."

"तुम्ही चुकला असाल तर त्या मुलाचे पाच महिने जातील. कळतंय ना?"

"कळतंय," मी म्हणाले. खरोखरच कळत होतं.

फोन ठेवला आणि मग मला मुक्ता आठवली. तिची नोंद उघडली. ज्येष्ठ, दशमी. तिच्या गावच्या आशाताईला फोन केला. तिने आपल्या जुन्या वहीत बघून सांगितलं, "वडाच्या पूजेआधीची दशमी लिहिलीय, मॅडम. का हो?" तालुक्यात त्या महिन्याच्या आणखी नोंदी होत्या, पण त्या बायांची सोनोग्राफी लवकर झाल्यामुळे तारखा सुधारल्या गेल्या होत्या. चुकीत राहिलेली दोनच मुलं. एकाला मी थांबवलं होतं. दुसऱ्याला दोन आठवड्यांपूर्वीच आईपासून नेलं होतं, आणि ते लहान आहे हे मला दिसलं असूनही त्यावर सही माझी होती.

केंद्राला मी लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं: पुढची चाचणी चार आठवड्यांनी ठरलेली आहे, तोवर उपचार मध्येच थांबवणं हिताचं नाही. मुक्ताला मात्र मी कळवलं नाही. खात्री नसताना आशा कशी लावायची, असं मी स्वतःला सांगत राहिले. लोक याला सावधपणा म्हणतील. मी भेकडपणा म्हणते.

तो महिना सरता सरेना. ओंकारचा एकदा फोन आला. "मॅडम, जागा गेली. उद्या पोरगं चाललं न्हाई, तर तुमच्या दारात आणून बशिवतो." मी म्हटलं, बसव. त्याच्यापुढे आणखी काय बोलणार? ऑफिसात लोक माझ्याशी जरा जास्तच नम्रपणे बोलत होते. घरी आले की मी तोच व्हिडिओ लावायची आणि आठापैकी एक चूक ही तर नव्हे ना, म्हणून बघत बसायची. इतक्या वर्षांत एकटेपणाचा मला त्रास झाला नव्हता. आता होत होता, कारण विचारायला कुणी नव्हतं. त्या बारा जणांपैकी कोण कुठे आहे, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

चार आठवड्यांनी दोघी आल्या. प्रयागबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. अक्षराने वाळे स्वतःच काढून ताटलीत ठेवले, तीट पुसली, बाळाला गादीवर निजवलं आणि काचेपलीकडे गेली. मी बटण दाबलं.

विसाव्या सेकंदाला मला दिसलं. आधी डावा घोटा. मग मनगट, मग मान, मग दोन्हीकडची बोटं. बारीक, गोल, कधी इकडे कधी तिकडे, भांड्यात पाणी नुकतं उकळायला लागावं तसं सगळं अंग. चुळबुळ! इतकी भरघोस चुळबुळ की मला हसूच आलं. पण अजून दोन मिनिटं चाळीस सेकंद बाकी होती आणि बोलायचं नव्हतं. अक्षरा काचेतून बाळाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. माझे डोळे भरून आले तशी मी तोंड फिरवलं. ते करायला नको होतं. तिने त्याचा उलटा अर्थ घेतला. मी वळले तेव्हा ती काचेला कपाळ टेकवून उभी होती.

वेळ संपली आणि तिचा फोन वाजला. तिने तो बघितला नाही. मीच दार उघडून ओरडले, "आहे! अक्षरा, आहे! चालेल गं हा!"

ती धावत आली आणि तिने बाळाला उचललं. प्रयागबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. माझ्यावरून असं कुणी काही करून वीस वर्षं तरी झाली असतील. मग फोन सुरू झाले, ओंकारचा, मामाचा, आणखी कुणाचा. बारशाची तिथी ठरायला लागली. जाताना ताटलीतले वाळे आठवणीने घेतले, मला बारशाला बोलवायचं तेवढं राहिलं. आनंदात राहतं असं. दार लागलं आणि खोली पुन्हा पहिल्यासारखी गप्प झाली.

त्याच दुपारी केंद्राकडून मुक्ताच्या मुलाचा व्हिडिओ आला. अंगरखा काढून निजवलेलं बाळ. चुळबुळ होती. मान, मनगटं, घोटे, सगळीकडे. खाली केंद्राचा शेरा होता: 'उपचारांना उत्कृष्ट प्रतिसाद. अठरा महिने पूर्ण करावेत.'

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. त्यात कुणी लबाडी केली नव्हती. त्यांच्या हिशेबाने मूल बरं होत होतं. मी गप्प राहिले तर मुक्ताला हेच कळणार होतं, आणि ती केंद्राला हात जोडणार होती, कदाचित मलाही. कुणाला काही समजलं नसतं. मी मात्र अठरा महिने त्या मुलाच्या आईला भेटले की हसले असते.

मी फोन लावला. सगळं सांगितलं. अधिक महिना, तारीख, वय, माझी सही, आणि एक महिना गप्प राहिले तेसुद्धा. "तुझ्या बाळाला काही झालेलं नव्हतं, मुक्ता. कधीच नव्हतं. आमची चूक झाली. माझी झाली. तू आता त्याला घरी आणू शकतेस."

पलीकडून आवाज आला नाही. फोन सुरू होता, मागे कुठेतरी शेळी ओरडत होती. मीही बोलले नाही. तिने शिव्या द्याव्यात, रडावं, काहीही करावं, असं मला वाटत होतं. घड्याळाकडे बघायची खोड आहे मला. तीन मिनिटांच्या वर झालं.

मग तिने विचारलं, "मॅडम, सा आठवडे झाले. त्यो मला वळखंल का आता?"

चाळीस हजार व्हिडिओंत आई कुठेच नव्हती, आम्हीच तिला बाहेर काढलं होतं. मी उठून कपाट उघडलं.

"तुझी गोधडी आहे माझ्याकडे," मी म्हणाले. "केंद्राने परत पाठवलेली. उद्या सकाळी मी तुला घ्यायला येते. आपण दोघी जाऊ."

तिने घाईघाईने विचारलं, "मॅडम, तुमी धुतली तर न्हाई ना ती?"

"नाही गं," मी म्हणाले. "तशीच आहे."